पनामाचा कालवा आणि एका लसीची कुपी : प्रवासी लसीकरणाच्या व्यवस्थेबद्दल खुले पत्र

प्रति,
आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या लसीकरणाचे नियम ठरवणारे केंद्रीय आरोग्य खात्यातील अधिकारी,
तसेच परदेशी क्रूझ सहली विकणारे पर्यटन व्यावसायिक यांस

स. न. वि. वि.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे. वय ६४, मुक्काम सांगली. नोकरीची ३४ वर्षे धरणांचे दरवाजे, सांडवे आणि कालव्यांची आवर्तने सांभाळण्यात गेली. परंतु ज्या कालव्याची आकृती महाविद्यालयात असताना वहीत काढली होती, तो पनामाचा कालवा पाहायचा राहून गेला होता. १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झालेला हा कालवा जहाजाला तीन पायऱ्यांनी समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून तलावात चढवतो आणि पलीकडच्या महासागरात उतरवतो. त्यासाठी लागणारे पाणी पंपाने उपसले जात नाही, ते तलावातून केवळ उताराने कोठ्यांमध्ये सोडले जाते. एक जहाज पार करायला सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी खर्ची पडते, हा आकडा दुष्काळी तालुक्यांत पाण्याच्या पाळ्या वाटलेल्या माणसाच्या मनातून जात नाही.

निवृत्तीच्या पैशांतून, पत्नीसह, फ्लोरिडाहून निघून कोलंबियातील कार्ताहेना बंदर घेत, कालवा ओलांडून, मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याने लॉस एंजेलिसला पोहोचणारी क्रूझ आम्ही एप्रिलमध्ये आरक्षित केली. जहाज जानेवारीत सुटायचे होते आणि ते वेळेवर सुटले. आम्ही मात्र त्यावर नव्हतो. व्हिसा हातात होता, पैसे पूर्ण भरलेले होते. अडले ते पीतज्वराच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण यलो फीवर म्हणतो त्याच्या, लसीवर. हे पत्र त्या अनुभवातून लिहिले असले तरी आमच्या बुडालेल्या पैशांची दाद मागण्यासाठी ते लिहिलेले नाही. दरवर्षी हीच वाट चालणाऱ्या इतरांना जी उत्तरे मिळायला हवीत, ती आपल्याकडे जाहीरपणे मागण्यासाठी ते आहे.

प्रारंभीच स्पष्ट करतो की नियमाला माझा विरोध नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस जातीचा डास आपल्या प्रत्येक गावात आहे, दरवर्षी डेंग्यूच्या रूपाने तो आपली हजेरी लावतोच, आणि आपल्या लोकसंख्येत या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. भारतात हा रोग आजवर शिरलेला नाही आणि तो शिरू नये म्हणून सरकारने काटेकोर असावे, यात गैर काही नाही. २०१६ मध्ये अंगोलातून परतलेल्या ११ जणांबरोबर तो चीनपर्यंत पोहोचला होता, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तोलिमा प्रांतातील उद्रेकामुळे कोलंबिया सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली होती. खुद्द पनामाच्या कालव्याचा इतिहास या डासाने लिहिला आहे. १८८० च्या दशकातील फ्रेंचांचा प्रयत्न हजारो माणसे पीतज्वराने आणि मलेरियाने मेल्यावर थांबला. पुढे अमेरिकनांना कालवा पूर्ण करता आला, त्याचे मोठे श्रेय डॉ. विल्यम गॉर्गस यांनी साठलेल्या पाण्यावर आणि डासांवर चालवलेल्या मोहिमेला जाते. त्यामुळे ‘एवढी काय ती लस’ असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माझे म्हणणे इतकेच, की जो नियम सक्तीचा आहे तो पाळण्याची वाटही सरकारने नियमाइतकीच पक्की बांधली पाहिजे.

आमची हकिकत थोडक्यात सांगतो. सहल कंपनीने एप्रिलमध्ये दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत जेवणाचे प्रकार, जहाजावरचे कार्यक्रम, कर्मचाऱ्यांना द्यायची बक्षिसी, कोणत्या रात्री कोणता पोशाख, सर्व काही होते. लसीचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबरमध्ये उरलेली रक्कम भरून झाली. निघायला अठरा दिवस उरले असताना आलेल्या अंतिम कागदपत्रांत, सामानाच्या वजनाच्या सूचनेखाली, ‘पीतज्वर लसीकरणाचे वैध प्रमाणपत्र अनिवार्य’ अशी एक ओळ होती. हे प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून वैध होते. म्हणजे आमच्या हाती प्रत्यक्षात आठ दिवस होते, आणि त्यांत एक रविवार व एक सुट्टी होती.

सांगलीत ही लस देणारे केंद्र आम्हाला सापडले नाही. एका शहरातील केंद्रावर दूरध्वनी कोणी उचलेना, दुसऱ्या ठिकाणी पुढचे तीन आठवडे भरलेले, तिसऱ्या ठिकाणी ‘सकाळी लवकर या, कुपी उघडली तर मिळेल’ असे उत्तर. ह्या तिसऱ्या केंद्रावर आम्ही रात्रीच्या गाडीने जाऊन पहाटे उभे राहिलो. रांगेत आमच्यापुढे सिंधुदुर्गातला एक तरुण होता. बोटीवर त्याचे जॉइनिंग दोन आठवड्यांवर आले होते आणि तो तिसऱ्यांदा खेटा घालत होता. त्या दिवशी चारच माणसे जमली, म्हणून कुपी उघडली गेली नाही. दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मला लस मिळाली. पत्नीला मिळाली नाही, कारण तिला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू आहे, आणि जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असलेली ही लस अशा औषधावर असलेल्या व्यक्तीला देणे धोक्याचे असते. तेथील डॉक्टरांनी तिला नाकारले ते योग्यच केले, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तक्रार त्यानंतरच्या प्रकाराची आहे आणि ती पुढे मांडतो.

आता मुद्दे.

पहिला मुद्दा उपलब्धतेचा. कुपीत पाच किंवा दहा मात्रा असतात आणि द्रव मिसळल्यावर ती सहा तासांत वापरावी लागते, हे मला समजते. एका माणसासाठी कुपी फोडून उरलेल्या मात्रा ओतून देणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय ठरेल. ही लस जगात मोजकेच उत्पादक बनवतात, ती आजही कोंबडीच्या अंड्यांवर वाढवावी लागते, आणि २०१६ मध्ये काँगोची राजधानी किन्शासा येथे साठा पुरावा म्हणून एका मात्रेचे पाच भाग करून लोकांना टोचावे लागले होते, हेही मी वाचले आहे. परंतु नेमकी हीच टंचाई लक्षात घेतली, तर नोंदणी एकत्र हवी. आज प्रत्येक केंद्राची तऱ्हा निराळी आहे : कोठे संकेतस्थळ, कोठे दूरध्वनी, कोठे नुसती रांग. एका केंद्रावर चार माणसे परत जातात आणि त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रावर गर्दी मावत नाही, हे कोणालाच दिसत नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही तेव्हा दर वेळी धरण रिकामे असते असे नाही. बहुधा मधल्या दारांचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

ह्याच देशाने २०२१ मध्ये कोविन या एका व्यवस्थेवर गावोगावचे साठे आणि वेळा लोकांना घरबसल्या दाखवल्या होत्या. इतकेच नव्हे, कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे झाल्यावर परदेशी निघालेल्या लोकांची अडचण झाली, तेव्हा ७ जून २०२१ रोजी केंद्राने लेखी कार्यपद्धती काढून शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट जोडण्याची सोयही केली. कोट्यवधी माणसांसाठी जे जमले, ते पीतज्वराच्या लसीसाठी येणाऱ्या मूठभर प्रवाशांसाठी जमत नाही, हे मला पटत नाही.

याच मुद्द्यात त्या सिंधुदुर्गच्या तरुणाचा विषय येतो. कोकणातील आणि गोव्यातील कितीतरी घरे बोटीवरच्या पगारावर चालतात. आमची सहल चुकली तर हळहळ वाटते, त्याचे जॉइनिंग चुकले तर करार जातो. पर्यटक आणि खलाशी एकाच कुपीसाठी एकाच रांगेत उभे असतील, तर खलाशाचा हक्क आधीचा आहे आणि तो लेखी असावा. हे लिहिताना मी माझ्याच जागेवर पाणी सोडतो आहे याची मला जाणीव आहे.

दुसरा मुद्दा नियमाच्या शब्दांचा, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. भारताचा नियम असा, की पीतज्वराचा धोका असलेल्या भागातून निघून सहा दिवसांच्या आत जो प्रमाणपत्राशिवाय भारतात येईल, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. धोक्याच्या भागातून केवळ मार्गस्थ झालेल्यांनाही तो लागू आहे. त्यांच्यापैकी जे विमानतळाच्या आवाराबाहेर पडले नाहीत त्यांना, आरोग्य अधिकाऱ्याची संमती असल्यास, सूट आहे. शिवाय तीस दिवसांत अशा बंदराला लागून भारतात येणाऱ्या जहाजांसाठी वेगळे कलम आहे. आता क्रूझचा प्रवासी यांत कोठे बसतो ते पाहा. जो कार्ताहेनाला उतरला नाही, कालवा ओलांडताना कठड्याशी उभा राहिला पण पनामाच्या भूमीला पाय लावला नाही, तो ‘मार्गस्थ’ आहे काय? विमानतळाच्या काचेआड बसलेल्याला सूट आहे. जहाजाच्या डेकवर बसलेल्याविषयी नियम मौन पाळतो. आणि आमचे जहाज कालवा ओलांडल्यानंतर आठ दिवसांनी लॉस एंजेलिसला लागणार होते, तेथून पुढे विमान. म्हणजे मुंबईत पाऊल ठेवेपर्यंत धोक्याचा प्रदेश सोडून सहा दिवस केव्हाच उलटून गेले असते. माझ्या वाचनानुसार सहा दिवसांची ती अट आम्हाला लागूच होत नव्हती. हे मी कंपनीला लिहिले, तीन ठिकाणी विचारले. प्रत्येकाने तोंडी ‘बरोबर वाटते’ म्हटले आणि लेखी देण्यास नकार दिला. विमान कंपनीच्या खिडकीवर कोणाचे ‘बरोबर वाटते’ दाखवायचे?

त्यातच भर देशांच्या यादीची. आपल्या यादीत पनामा हा संपूर्ण देश आहे; जागतिक आरोग्य संघटना मात्र पनामात कालव्याच्या पूर्वेकडील मुख्य भूमीला धोक्याचा प्रदेश मानते, कालव्याचा पट्टा आणि पनामा शहर त्यातून वगळते. यादीत अर्जेंटिनाही आहे. तेथील धोका ईशान्येकडील ब्राझीलला लागून असलेल्या प्रांतांत आहे, आणि अंटार्क्टिकाची जहाजे सुटतात ते उशुआइया देशाच्या दक्षिण टोकाला, जेथे हा डास जगूच शकत नाही. आज मुंबई-पुण्याहून हौशी मंडळी पेंग्विन पाहायला अंटार्क्टिकाला जातात आणि डासाच्या लसीसाठी केंद्रांचे उंबरे झिजवतात. त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाच्या बाबतीत आपल्याच यादीत ‘फक्त त्रिनिदाद’ असे लिहिलेले आहे, म्हणजे देशाच्या आत भेद करणे आपल्याला जमते. सरकारने संपूर्ण देशालाच धरायचे ठरवले असेल तर तेही मान्य आहे. मग त्याची कारणे जाहीर असावीत. दुर्मिळ मात्रा ज्यांना खरोखर हवी आहे त्यांच्यापर्यंत जाण्याशीही याचा संबंध आहे.

तिसरा मुद्दा लस घेऊ न शकणाऱ्यांचा. क्रूझवर जाणाऱ्यांत माझ्यासारखे साठी ओलांडलेले पुष्कळ असतात, आणि साठीनंतर प्रथमच ही लस घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांचा धोका, तो दुर्मिळ असला तरी, तरुणांपेक्षा जास्त असतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, थायमस ग्रंथीचे विकार असलेले, प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे घेणारे यांना ती देता येत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या सहाव्या परिशिष्टात यासाठी स्पष्ट तरतूद आहे : लस देणे वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य असेल तर डॉक्टरांनी त्याची कारणे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहून द्यावीत आणि पोहोचल्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ती विचारात घ्यावीत. प्रत्यक्षात आम्हाला केंद्रावर सांगण्यात आले की आम्ही लस देतो, सूटपत्र तुमच्या डॉक्टरांकडून आणा. आमच्या डॉक्टरांनी ते दिले. कंपनी म्हणाली की अधिकृत केंद्राच्या शिक्क्याशिवाय ते चालणार नाही. केंद्र म्हणाले, आमच्याकडे तसा नमुना नाही. ह्या तिघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आमची सहल संपली. भरलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक भाग रद्द करण्याच्या शुल्कात गेला. माझे प्रमाणपत्र, जे २०१६ पासूनच्या नियमानुसार आजन्म वैध आहे, कपाटात आहे. त्यावर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला आहे आणि माझा पासपोर्ट तीन वर्षांनी संपतो. त्यानंतर त्या आजन्म कागदाचे काय होणार, हा आणखी एक प्रश्न मी येथे नुसता नोंदवून ठेवतो.

चौथा मुद्दा पर्यटन व्यावसायिकांसाठी आहे आणि तो लांबवण्याची गरज नाही. आपणांस बंदरांची नावे विक्रीच्या दिवशीच माहीत असतात. कोणत्या बंदरामुळे कोणती लस लागेल हेही त्याच दिवशी माहीत असते, किंवा असायला हवे. पैसे परत न मिळण्याची मुदत उलटल्यानंतर अट सांगणे हा व्यवहार नव्हे. वयाची आणि आजाराची चौकशी विम्याचा अर्ज भरताना आपण करताच. तीच दोन महिने आधी, लसीच्या दृष्टीने केली असती, तर आम्ही कालव्याऐवजी नॉर्वेचे फ्योर्ड निवडले असते आणि आपला धंदाही बुडाला नसता.

३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत क्रूझ भारत अभियानाची सुरुवात झाली आणि पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. बॅलार्ड पिअरवर नवे टर्मिनल उभे राहिले. आनंद आहे. प्रवासी समुद्राला सरावले की ते उद्या दूरची जहाजे धरणार, हे उघड आहे. तेव्हा पुढील मागण्या करतो.

सर्व मान्यताप्राप्त केंद्रांवरील पीतज्वर लसीचा साठा, लसीकरणाचे वार आणि मोकळ्या वेळा एकाच संकेतस्थळावर दिसाव्यात व नोंदणी तेथेच व्हावी. मात्रांच्या हिशेबाने पुरेशी माणसे जमत नसतील तर ते आदल्या दिवशी कळवले जावे. पश्चिम महाराष्ट्रासाठी आणि कोकणासाठी महिन्यातून ठरावीक दिवशी फिरते लसीकरण सत्र घ्यावे. जॉइनिंगचे पत्र दाखवणाऱ्या खलाशांसाठी प्रत्येक सत्रात राखीव मात्रा असाव्यात.

जहाजाने धोक्याच्या देशाच्या बंदरातून किंवा कालव्यातून जाणाऱ्या, परंतु किनाऱ्यावर न उतरणाऱ्या प्रवाशाला प्रमाणपत्र लागते की नाही, आणि सहा दिवसांची मोजणी कोणत्या बंदरापासून करायची, याचे लेखी स्पष्टीकरण मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध करावे. उत्तर ‘लागते’ असे असले तरी चालेल. परंतु उत्तर असावे. वैद्यकीय सूटपत्राचा एकच नमुना ठरवून तो देण्याचा अधिकार आणि जबाबदारी लसीकरण केंद्रांवर टाकावी.

सहल कंपन्यांनी आरक्षणाच्या पहिल्या कागदावर, किमतीच्या शेजारी, बंदरागणिक लसीची अट लिहावी. ती न लिहिल्यास त्या कारणाने रद्द झालेल्या सहलीचे शुल्क प्रवाशाकडून घेऊ नये.

पुढच्या जानेवारीच्या त्याच मार्गाची चौकशी मी सुरू केली आहे. पत्नीचे सूटपत्र कोण देणार आणि मुंबईच्या विमानतळावर ते कोण मान्य करणार, हे लेखी कळल्यावर आगाऊ रक्कम भरीन. कंपनीने ती भरण्यासाठी ३१ मेपर्यंत मुदत दिली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त अभियंता, सांगली